पट्टे मोजून पैलवान मोठा ठरतो का?

जॉन सीनाची निवृत्ती आणि हल्क होगनचे निधन यांमुळे अमेरिकी व्यावसायिक कुस्तीतील श्रेष्ठत्वाचा जुना वाद पुन्हा ऐरणीवर आला आहे. निकाल आधीच ठरलेल्या या खेळात क्रमवारी लावायची ती कोणत्या निकषांवर, याचा हा ऊहापोह.

जॉन सीनाने १३ डिसेंबर २०२५ रोजी वॉशिंग्टन येथे कारकिर्दीतील अखेरची लढत दिली आणि ऑस्ट्रियाच्या गुंथरच्या पकडीत सापडल्यावर हाताने थाप मारून पराभव मान्य केला. तत्पूर्वी २४ जुलै रोजी हल्क होगनचे फ्लोरिडात वयाच्या ७१ व्या वर्षी निधन झाले होते. दोन वेगवेगळ्या पिढ्यांचे हे दोन नायक एकाच वर्षी आखाड्याबाहेर गेल्याने चाहत्यांच्या आवडत्या प्रश्नाला नवे निमित्त मिळाले. गेल्या सात दशकांतील सर्वश्रेष्ठ पैलवान कोण?

सीनाच्या पाठीराख्यांकडे यावर तयार उत्तर आहे. २० एप्रिल २०२५ रोजी लास व्हेगास येथे झालेल्या 'रेसलमेनिया'त कोडी ऱ्होड्सला हरवून सीना १७ व्यांदा जगज्जेता झाला आणि रिक फ्लेअरच्या नावावरील १६ जगज्जेतेपदांचा विक्रम मागे पडला. १७ हा आकडा १६ पेक्षा मोठा आहे, यात वाद नाही. तथापि, हा आकडा नेमके काय मोजतो, हे पाहिल्याशिवाय त्यावरून श्रेष्ठत्व ठरवणे धाडसाचे आहे.

महाराष्ट्रातील कुस्तीशौकिनाला गदा मोजण्याची सवय आहे. नरसिंग यादव आणि विजय चौधरी या दोघांनी सलग तीन वेळा 'महाराष्ट्र केसरी'चा किताब पटकावला, असे सांगितले की त्यांची योग्यता वेगळी सिद्ध करावी लागत नाही. प्रत्येक गदेमागे प्रतिस्पर्ध्याने जिंकण्यासाठी लावलेली ताकद असते. ज्या कुस्तीत ती नसते तिला आपल्याकडे 'नुरा' म्हणतात आणि अशी कुस्ती ओळखू आली तर फडावरचे प्रेक्षक ती खपवून घेत नाहीत. अमेरिकी व्यावसायिक कुस्ती ही उघडपणे नुरा आहे. कोण जिंकणार, किती मिनिटांनी आणि कोणत्या डावावर, हे संयोजकांच्या कार्यालयात ठरते. होगनच्या तेव्हाच्या कंपनीने, म्हणजे डब्ल्यूडब्ल्यूएफने, १९८९ मध्ये न्यू जर्सी राज्याच्या सिनेटपुढे हा खेळ नसून मनोरंजन आहे, असे स्वतःच मान्य केले. खेळाला लागू असलेल्या नियमांतून आणि करांतून सुटका, हा त्यामागचा व्यावहारिक हेतू होता. सीनाचे १७ किताब म्हणजे कंपनीने १७ वेळा घेतलेला एक निर्णय होय.

खऱ्या ताकदीचे अखेरचे दिवस

हे पूर्वीपासून असेच होते काय, या प्रश्नाचे उत्तर १९२० च्या दशकात सापडते. त्या वेळी एड 'स्ट्रँगलर' लुईस, त्याचा व्यवस्थापक बिली सँडो आणि टूट्स माँट या त्रिकुटाच्या हाती अमेरिकेतील कुस्तीचा धंदा होता. तासन् तास चालणाऱ्या कंटाळवाण्या पकडींऐवजी त्यांनी वेगवान, ठरवून केलेल्या लढती लोकांपुढे आणल्या. १९२५ च्या जानेवारीत त्यांनी वेन मन नावाच्या एका धिप्पाड फुटबॉलपटूला लुईसकडून जगज्जेता करवले. मनला कुस्ती फारशी येत नव्हती. एप्रिलमध्ये फिलाडेल्फिया येथे पोलंडच्या स्टॅनिस्लॉस झिबिस्कोशी त्याची लढत ठेवण्यात आली. झिबिस्कोने हरायचे, असे ठरले होते. प्रत्यक्षात त्याने करार मोडला, मनला वारंवार पाठीवर पाडले आणि पट्टा घेऊन तो चालता झाला.

हा झिबिस्को भारतीयांना अपरिचित नाही. सप्टेंबर १९१० मध्ये लंडन येथे गामा पैलवानापुढे तो अडीच तासांहून अधिक काळ बहुतांशी पोटावर पडून राहिला आणि लढत अनिर्णित ठेवण्यात आली. आठवड्याने ठरलेल्या फेरलढतीला तो आलाच नाही. पुढे जानेवारी १९२८ मध्ये पतियाळा येथे दोघे पुन्हा समोरासमोर आले, तेव्हा गामाने त्याला मिनिटभराच्या आत चितपट केले. त्या वेळी झिबिस्कोचे वय पन्नाशीला टेकले होते, हे लक्षात घेतले तरी तीनच वर्षांपूर्वी अमेरिकेचा पट्टा हिसकावणाऱ्या मल्लाची ही गत झाली, ही बाब बोलकी आहे. पट्ट्याचा मान आणि अंगातली कुस्ती यांतील अंतर तेव्हापासूनच दिसत होते.

फिलाडेल्फियाचा धडा संयोजक विसरले नाहीत. ज्याच्याकडून पट्टा जबरदस्तीने काढून घेता येणार नाही, अशाच माणसाकडे तो ठेवायचा, हे धोरण पुढे दीर्घकाळ टिकले. १९४८ मध्ये वेगवेगळ्या शहरांतील संयोजकांनी एकत्र येऊन 'नॅशनल रेसलिंग अलायन्स' स्थापन केली आणि पुढच्याच वर्षी लू थेझ तिचा जगज्जेता झाला. हात-पाय मोडू शकणाऱ्या खऱ्या पकडींत तो वाकबगार होता. लढत ठरवलेली असली तरी समोरच्याने दगा दिलाच तर थेझ स्वतःचे रक्षण करू शकत होता. नोव्हेंबर १९४९ ते मार्च १९५६ अशी सहा वर्षांहून अधिक काळ ही गादी त्याच्याकडे राहिली.

पट्टा स्वस्त कसा झाला

त्यानंतर ताकदीची जागा प्रेक्षकसंख्येने घेतली. ब्रुनो सॅमार्टिनोने १७ मे १९६३ रोजी न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये बडी रॉजर्सला ४८ सेकंदांत हरवले आणि पुढे २,८०३ दिवस तो विजेता राहिला. १९७३ ते १९७७ या दुसऱ्या कारकिर्दीचे १,२३७ दिवस त्यात मिळवले तर ही बेरीज ११ वर्षांवर जाते. मात्र किताबांची संख्या भरते अवघी दोन! केवळ आकडा पाहणाऱ्या यादीत सॅमार्टिनो सीनाच्या कितीतरी खाली जातो.

याचे कारण धंद्याच्या रचनेत आहे. सॅमार्टिनोच्या काळात उत्पन्न तिकिटांचे होते. महिन्याकाठी एकदा त्याच सभागृहात तेच प्रेक्षक येत आणि त्यांना आपला नायक विजेता म्हणून पाहायचा असे. सॅमार्टिनो विजेता झाल्यापासून होगनने २३ जानेवारी १९८४ रोजी आयर्न शेखला हरवेपर्यंत, म्हणजे सुमारे २१ वर्षांत, अधिकृत नोंदीनुसार हा पट्टा केवळ आठ वेळा एकाकडून दुसऱ्याकडे गेला.

नव्वदच्या दशकात दर सोमवारी रात्री दोन कंपन्या दूरचित्रवाणीवर एकमेकींशी झुंजू लागल्या. प्रेक्षकाने वाहिनी बदलू नये म्हणून दर आठवड्याला धक्का देणे भाग होते आणि सर्वांत स्वस्त धक्का म्हणजे पट्ट्याची अदलाबदल. १९९९ या एका वर्षात तोच पट्टा दहापेक्षा अधिक वेळा फिरला. त्या सप्टेंबरात खुद्द कंपनीचा मालक व्हिन्स मॅकमहोन जगज्जेता झाला. पुढील वर्षी एप्रिलमध्ये प्रतिस्पर्धी डब्ल्यूसीडब्ल्यूने डेव्हिड आर्केट या चित्रपट अभिनेत्याच्या कमरेला आपला पट्टा बांधला. २००२ पासून तर डब्ल्यूडब्ल्यूईमध्ये दोन स्वतंत्र जागतिक किताब सुरू झाले. सीनाच्या १७ पैकी १४ किताब एका पट्ट्याचे आणि तीन दुसऱ्याचे आहेत. फ्लेअरचे १६ हेदेखील कंपनीने मान्य केलेले गणित असून, इतर मोजदादींत हा आकडा २० च्या पुढे जातो.

भारतीय प्रेक्षकाला तर हे अधिक लवकर उमजायला हवे. जुलै २००७ मध्ये ग्रेट खली जागतिक विजेता झाला आणि सप्टेंबरमध्ये किताब गमावून बसला. त्याची उंची अफाट होती, परंतु चपळता बेताचीच. मे २०१७ मध्ये कॅनडात जन्मलेला पंजाबी वंशाचा जिंदर महल रँडी ऑर्टनला हरवून विजेता झाला. तोपर्यंत तो पडद्यावर प्रामुख्याने हरतच आला होता. भारतीय बाजारपेठेवर कंपनीचा डोळा होता आणि डिसेंबरात दिल्लीचा कार्यक्रम ठरला होता, हे गुपित नव्हते. १७० दिवसांनी, दिल्लीच्या कार्यक्रमाच्या महिनाभर आधी, महलकडून किताब काढून घेण्यात आला. याउलट ज्यांच्या 'फ्री स्टाइल' लढतींनी मुंबईसह देशभरात मैदाने भरली, किंगकाँगशी ज्यांची झुंज दंतकथा बनली आणि १९६८ मध्ये मुंबईत ज्यांनी लू थेझवर विजय मिळवला, त्या दारासिंग यांचे नाव अमेरिकी पट्ट्यांच्या कोष्टकात कोठेही आढळत नाही.

मग मोजायचे काय?

निकाल ठरलेला असला तरी या धंद्यात सर्वच काही खोटे नसते. तीन गोष्टी खऱ्या असतात आणि त्या तपासता येतात.

पहिली गोष्ट गल्ला. प्रेक्षक तिकीट काढतो ते खरे पैसे देऊन. एखाद्या पैलवानाच्या नावावर किती वर्षे आणि किती शहरांत लोक आले, हे कार्यालयाला हुकूम काढून ठरवता येत नाही. खलीच्या वा महलच्या किताबाने तो प्रश्न सुटला नाही, तो याचमुळे.

दुसरी गोष्ट कसब. वीस मिनिटे वा एक तास हजारो लोकांना जागेवर खिळवून ठेवणे, डावामागून डाव अशा रीतीने गुंफणे की निकाल ठरलेला आहे हे जाणणाराही क्षणभर विसरावा, याला अभिनयाइतकेच अंगमेहनतीचे शिक्षण लागते.

तिसरी गोष्ट सर्वांत कमी बोलली जाते. ती म्हणजे सहकाऱ्याचे शरीर आणि हित जपणे. या कुस्तीत माणूस आपली मान प्रतिस्पर्ध्याच्या हाती देतो. एप्रिल १९७६ मध्ये स्टॅन हॅन्सनकडून एक उचल चुकली आणि सॅमार्टिनोची मान मोडली. ऑगस्ट १९९७ मध्ये ओवेन हार्टचा एक डाव चुकल्याने स्टीव्ह ऑस्टिन काही काळ आखाड्यातच लुळा पडला. डिसेंबर १९९९ मध्ये गोल्डबर्गची लाथ डोक्याला लागून ब्रेट हार्टची कारकीर्द व्यवहारतः संपली. केबलच्या पहिल्या दशकात भारतीय मुलांनी ज्यांची ट्रम्प कार्डे जमवली, ज्यांच्या छातीची आणि दंडाची मापे पाठ केली, त्यांच्या पिढीतील योकोझुना ३४ व्या, डेव्ही बॉय स्मिथ ३९ व्या, तर 'मिस्टर परफेक्ट' कर्ट हेनिग ४४ व्या वर्षी मरण पावला. पत्त्यावरच्या क्रमांकात ही किंमत कोठेच नव्हती.

या मंडळींना कंपनी कर्मचारी मानत नाही, स्वतंत्र कंत्राटदार मानते. त्यांची संघटना नाही. १९८६ मध्ये 'रेसलमेनिया'च्या तोंडावर जेसी व्हेंचुराने सहकाऱ्यांपुढे संघटनेचा विषय काढला होता. ही बातमी मालकापर्यंत होगनने पोहोचवली, हे पुढे व्हेंचुराने केलेल्या दाव्यातील साक्षीतून उघड झाले. व्हेंचुरा नंतर मिनेसोटा राज्याचा गव्हर्नर झाला. पैलवानांची संघटना मात्र आजतागायत झालेली नाही.

तिसरा निकष लावला की काही नावे यादीतून बाद करावी लागतात. क्रिस बेन्वाच्या तांत्रिक कौशल्याविषयी जाणकारांत दुमत नव्हते. जून २००७ मध्ये त्याने पत्नी व लहान मुलाची हत्या करून आत्महत्या केली. त्याच्या मेंदूला वर्षानुवर्षांच्या आघातांनी गंभीर इजा झाल्याचे नंतरच्या तपासणीत आढळले. ते या धंद्याविषयी बरेच काही सांगते, परंतु त्या कृत्यानंतर त्याला कोणत्याही मानाच्या यादीत बसवता येत नाही.

दशकांचा हिशेब

पन्नासच्या दशकाचा मान निर्विवादपणे थेझकडे जातो. कसबात त्याच्या तोडीचा कोणी नव्हता आणि त्याची अखेरची लढत १९९० मध्ये, वयाच्या ७४ व्या वर्षी जपानमध्ये झाली. साठ आणि सत्तरची दशके सॅमार्टिनोची. इटलीतून आलेल्या या स्थलांतरिताने न्यूयॉर्कच्या कष्टकरी वस्त्यांना आपला नायक दिला. मान मोडल्यावर दोनच महिन्यांत तो हॅन्सनसमोर पुन्हा उभा राहिला. पुढे स्टेरॉइड व बीभत्सपणाच्या निषेधार्थ त्याने कंपनीचा 'हॉल ऑफ फेम'चा सन्मान अनेक वर्षे नाकारला आणि २०१३ मध्येच तो स्वीकारला.

ऐंशीच्या दशकात दोन परस्परविरोधी शैली एकाच वेळी नांदल्या. होगनने कुस्तीला देशव्यापी तमाशा बनवले. २९ मार्च १९८७ रोजी मिशिगनमधील पाँटियाक येथे त्याने आंद्रे द जायंटला उचलून आपटले. कंपनीने ९३,१७३ प्रेक्षकांचा दावा केला. तो वादग्रस्त आहे, पण गर्दी अभूतपूर्व होती, हे कोणी नाकारत नाही. त्या वेळी आंद्रे पाठीच्या शस्त्रक्रियेतून उठलेला, वेदनांनी ग्रासलेला होता. त्याची संमती आणि सहकार्य नसते तर ती उचल झालीच नसती. होगनच्या कीर्तीतील मोठा वाटा आंद्रेच्या त्या दानाचा आहे.

फ्लेअरचे काम वेगळे होते. १९७५ मध्ये विमान अपघातात त्याची पाठ तीन ठिकाणी मोडली होती. डॉक्टरांनी कुस्ती संपल्याचे सांगूनही तो काही महिन्यांत परतला आणि १९८१ मध्ये जगज्जेता झाला. फिरता विजेता म्हणून गावोगावी जायचे, तेथील स्थानिक नायकाशी तासभर लढायचे, 'आपला माणूस जिंकलाच होता' असे त्या गावाला वाटायला लावायचे आणि पट्टा घेऊन पुढच्या गावी निघायचे. स्वतः मार खाऊन समोरच्याला मोठे करण्याची ही कला त्याच्याइतकी कोणी साधली नाही. अर्थात, थांबायचे केव्हा हे त्याला कळले नाही. जुलै २०२२ मध्ये वयाच्या ७३ व्या वर्षी, छातीत पेसमेकर असताना तो पुन्हा आखाड्यात उतरला. ते दृश्य चाहत्यांनाही सुखद नव्हते.

नव्वदच्या दशकात ऑस्टिनने मालकाला ठोसे लगावणाऱ्या नोकरदाराची भूमिका उभी केली आणि सोमवारच्या लढाईचे पारडे एप्रिल १९९८ मध्ये फिरवले. तीनच वर्षांत डब्ल्यूसीडब्ल्यू विकली गेली. परंतु मानेने साथ न दिल्याने २००३ मध्येच त्याला थांबावे लागले. ब्रेट हार्टचा गल्ला त्याच्याएवढा नव्हता. आपल्या हातून एकाही प्रतिस्पर्ध्याला गंभीर दुखापत झाली नाही, हा मात्र त्याचा अभिमानाचा विषय आहे. १९९० ते २०२० अशी तीस वर्षे टिकलेल्या अंडरटेकरला भारतात तोड नाही. तो मरून पुन्हा जिवंत होतो, यावर येथील एक अख्खी पिढी विश्वास ठेवून होती. १९९६ च्या 'खिलाडियों का खिलाडी'त अक्षय कुमारसमोर उभा असलेला 'अंडरटेकर' हा वस्तुतः ब्रायन ली नावाचा दुसराच पैलवान होता, हेही अनेकांना फार उशिरा कळले.

सीनाचा काळ २००५ पासूनचा. त्याच्या कसबाविषयी दीर्घकाळ शंका घेतल्या गेल्या. परंतु गंभीर आजारी मुलांच्या इच्छा पूर्ण करणाऱ्या 'मेक अ विश' संस्थेसाठी त्याने २०२२ पर्यंत ६५० भेटी दिल्या होत्या. जाताना हरून जावे, हा या धंद्यातील जुना दंडकही त्याने पाळला.

क्रम

हे तीनही निकष एकत्र लावले तर क्रम असा लागतो : १. रिक फ्लेअर, २. ब्रुनो सॅमार्टिनो, ३. लू थेझ, ४. हल्क होगन, ५. ब्रेट हार्ट, ६. स्टीव्ह ऑस्टिन, ७. जॉन सीना, ८. अंडरटेकर. ही यादी अमेरिकी आखाड्यापुरती आहे. युद्धोत्तर जपानला उभारी देणारा रिकिडोझान किंवा मुखवट्याला मेक्सिकोचे राष्ट्रीय प्रतीक बनवणारा एल सांतो यांचे मोल त्यांच्या देशांच्या इतिहासातच करावे लागेल.

होगन चौथा का, असा आक्षेप येईल. गल्ल्यात तो पहिला आहे. मात्र कसबात तो वरच्या तिघांच्या मागे आहे आणि सहकाऱ्यांच्या हिताच्या कसोटीवर १९८६ चा प्रसंग त्याच्या विरोधात जातो. २०१५ मध्ये उघड झालेल्या वर्णद्वेषी उद्गारांमुळे कंपनीलाही त्याला तीन वर्षे दूर ठेवावे लागले होते. फ्लेअर पहिला, कारण या धंद्याचा गाभा जो समोरच्याला मोठे करण्यात आहे, तो त्याने शेकडो गावांत रात्रीमागून रात्री जपला. त्यात त्याचे १६ किताब जमेस धरण्याची गरज भासत नाही.

भारतात या कंपनीचे कार्यक्रम एप्रिल २०२५ पासून नेटफ्लिक्सवर दिसतात. नव्या प्रेक्षकाला जुन्या पैलवानांची ओळख होईल ती कंपनीने निवडलेल्या आकड्यांतूनच, आणि १७ हा आकडाही कायमचा नाही. फ्लेअरची कन्या शार्लट हिच्या नावावर महिलांचे १४ जागतिक किताब जमा झाले आहेत. ते १८ होतील की नाही, आणि झाले तर कोणत्या रविवारी, हे तिच्या प्रतिस्पर्धी ठरवणार नाहीत. तो निर्णय कार्यालयात होईल.